फर्लांगभराची शर्यत: डिझेल पिकअपच्या ड्रॅग रेसमध्ये वर्ग निवडण्यापासून तक्रार नोंदवण्यापर्यंत

पुण्याला फोन करून ‘मी पिकअपच्या शर्यतीत उतरतोय’ असं सांगितलं, की पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे छोटा हत्ती उभा राहतो. अमेरिकेत पिकअप म्हणजे फोर्ड सुपर ड्यूटी, सिल्व्हराडो एचडी किंवा रॅम २५००. चार दरवाज्यांची मोठी केबिन घेतली तर वजन तीन टनांच्या पुढे. बॉनेटखाली कमिन्सचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, नाहीतर ड्युरामॅक्स किंवा पॉवर स्ट्रोकचं व्ही-८. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी कमिन्सचं मुख्यालय आहे आणि कमिन्सचं पुण्याशी नातं १९६२पासूनचं, त्यामुळे त्या गावात मराठी कानावर पडतं. तिथून तासाभरावर इंडियानापोलिस रेसवे पार्कची स्ट्रिप, म्हणजे ड्रॅग रेसची सरळ धावपट्टी, आहे. कामामुळे डिझेल आवडायला लागलेल्या माणसाचा पाय शनिवारी तिकडे वळला, तर त्यात नवल नाही.

ड्रॅग रेसमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या राहून सरळ पळतात. डिझेल ट्रकच्या शर्यती बऱ्याचदा पाव मैलाऐवजी एक अष्टमांश मैलाच्या असतात. ६६० फूट, म्हणजे बरोबर एक फर्लांग. आजोबांच्या तोंडी असलेला शब्द इथे असा कामाला येतो. पुढचं सगळं या फर्लांगाच्या हिशोबात आहे, आणि ते पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे.

आधी हे ठरवा: चढाओढ कशाची?

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: घरचा, मागे ट्रेलर ओढणारा ट्रक आणि सगळं काढून नुसता सांगाडा ठेवलेला ट्रक यांची बरोबरी करतात तरी कशी? बरोबरी कोणी करत नाही. प्रत्येक वर्ग एकच गोष्ट ठरवतो, ती म्हणजे इथे कशाची स्पर्धा होणार. पैशाची, इंजिन बांधण्याच्या कसबाची, की चालवणाऱ्याच्या हाताची. हे कळलं की नियमपुस्तक निम्मं कळलं.

पहिला प्रकार ‘हेड्स-अप’. दोघांना हिरवा दिवा एकाच वेळी, जो आधी पोचला तो जिंकला. आउटलॉ डिझेल सुपर सिरीज या डिझेल शर्यतींच्या मालिकेतले प्रो स्ट्रीट आणि प्रो मॉड हे वर्ग असे आहेत. प्रो स्ट्रीटचा ट्रक अजून ट्रकसारखा दिसतो. प्रो मॉडमध्ये नळ्यांची चौकट आणि वर हलकं कवच. बघायला यासारखी मजा दुसरी नाही, पण इथे खिसा बोलतो. मर्यादा घातल्या की त्या मर्यादेच्या आत सगळ्यात चांगलं काम कोण करतं, याची चढाओढ होते. मर्यादा नसल्या तर कोण किती खर्च करू शकतो याची.

दुसरा ‘इंडेक्स’. याच सिरीजमध्ये ५.९०, ६.७० आणि ७.७० असे वर्ग आहेत, आणि हे आकडे म्हणजे फर्लांगाचे सेकंद. ७.७०मध्ये उतरलात तर त्या वेळेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, पण खाली जायचं नाही. ७.६९९ सेकंद लागले तर ‘ब्रेकआउट’ आणि हार. दिवा इथेही दोघांना एकदमच.

तिसरा ‘ब्रॅकेट’. आपला ट्रक किती सेकंदांत पोचेल ते आपणच सांगायचं. त्याला डायल-इन म्हणतात आणि तो पांढऱ्या शू-पॉलिशने काचेवर लिहितात. हळू ट्रकला फरकाएवढी आधी सुरुवात मिळते. इथे ९ सेकंदांचा ट्रक ६ सेकंदांच्या ट्रकला हरवू शकतो, आणि हरवतोही. जुन्नर-खेडकडच्या घाटात एकेक बैलगाडा सोडून सेकंद मोजलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना घड्याळाशी लढत नवी नाही. फरक इतकाच, की इथे घड्याळापुढे काय म्हणणार हे आधी लिहून द्यावं लागतं.

माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष ब्रॅकेटमध्येच काढा. हेड्स-अपमध्ये हरलात तर कळतं की समोरच्याचा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मोठा होता. ब्रॅकेटमध्ये हरलात तर आपण नेमकं कुठे चुकलो ते कळतं.

ट्रकचा खरा वेळ काढा

शॉपवाला सांगेल ती अश्वशक्ती आणि फर्लांगाचा वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. घरबसल्या अंदाज घ्यायचा तर एक जुनं सूत्र आहे. पौंडांतल्या वजनाला अश्वशक्तीने भागा, घनमूळ काढा, ५.८२५ने गुणा. येईल तो पाव मैलाचा वेळ. त्याला १.५७ने भागलं की फर्लांगाचा ढोबळ वेळ मिळतो.

७,००० पौंडांचा, ४०० अश्वशक्तीचा न छेडलेला ट्रक घ्या. उत्तर साधारण ९.६ सेकंद. अश्वशक्ती दुप्पट, ८०० केली तर ७.६५. शक्ती दुप्पट होऊन फक्त दोन सेकंद वाचले, कारण घनमूळ निष्ठुर असतं. आता ८००वरच थांबा आणि ट्रकमधून ७०० पौंड काढा. मागची सीट, स्पेअर चाक, मागचा हौदा, ट्रेलर जोडायचा टो-हिच, जे निघेल ते. उत्तर ७.४च्या आत-बाहेर. वजन दहा टक्के कमी केलं की जवळपास पाव सेकंद मिळतो. हेड्स-अप वर्गांत वजनाच्या किमान मर्यादेवरून इतकी भांडणं का होतात, ते या एका आकड्यात आहे.

पण सूत्र हे सूत्रच. कुठल्याही स्ट्रिपवर ‘टेस्ट अँड ट्यून’ची, म्हणजे सरावाची, संध्याकाळ असते. तिथे निदान पाच-सहा वेळा पळवा. वेगवान नव्हे, सारखं पळवा. प्रत्येक वेळी तेवढाच बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) धरून सुटा, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान तेवढंच असताना सुटा. टाइमस्लिपवर, म्हणजे प्रत्येक धावेनंतर मिळणाऱ्या चिठ्ठीवर, ६० फूट, ३३० फूट आणि ६६० फुटांची वेळ आणि शेवटचा वेग छापून येतो. ६० फुटांची वेळ दर खेपेला बदलत असेल तर दोष इंजिनात नाही, सुटण्याच्या पद्धतीत आहे.

सुरक्षिततेच्या रेषा वर्गाच्या आधी बघा

हे लोक उलट करतात. आधी वर्ग निवडतात, इंजिनावर पैसे ओततात आणि मग कळतं की रोल केजशिवाय (केबिनमधल्या नळ्यांच्या पिंजऱ्याशिवाय) गेटमधून आत घेणार नाहीत. सर्वसाधारण बंद गाड्यांसाठी एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसच्या संघटनेचे फर्लांगाचे आकडे असे आहेत: ८.५९ किंवा त्याहून कमी वेळ असेल तर स्नेल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या मानांकनाचं हेल्मेट. ७.३५पासून रोल बार, म्हणजे चालकाच्या मागे नळीची कमान. ७ सेकंदांच्या खाली गेलात की रोल केज (फायरवॉल, फ्लोअर आणि बॉडी मूळचीच असेल तर ६.४०पर्यंत रोल बारही चालतो). ६.३९ आणि त्याखाली चौकटीचं प्रमाणपत्र आणि चालकाचा शर्यतीचा परवाना. कारखान्यातून आल्या तशाच ठेवलेल्या नव्या गाड्यांना काही सवलती आहेत, त्या चालू वर्षाच्या पुस्तकात बघा.

आता इंडेक्स वर्गांचे आकडे यांच्या शेजारी ठेवा. ७.७० हेल्मेटच्या पट्ट्यात येतो, पण रोल बारच्या रेषेच्या बाहेर राहतो. ६.७० केजच्या पट्ट्यात. ५.९० म्हणजे प्रमाणपत्र, परवाना, सगळंच. त्यामुळे रोज कामावर नेता येईल अशा ट्रकसाठी ७.७० हीच खरी सीमा. ‘जरा अजून थोडं’ म्हणत ७.३०पर्यंत खाली आलात, तर त्या ‘जरा’ची किंमत वेल्डिंगच्या बिलात दिसते.

एक कायद्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) आणि ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) काढलेले ट्रक शर्यतीत दिसतात म्हणून ते रस्त्यावर चालतात असं नाही. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०२०मध्ये मांडला होता. स्ट्रिपवर कुणी विचारलं नाही तरी कायदा तोच राहतो.

नियमपुस्तक वाचताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: हे तपासणार कसं?

टर्बोची मर्यादा तपासता येते. कॉम्प्रेसरच्या चाकाच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, आणि तपासनीस ठरलेल्या मापाचं गेज आत घालून बघतो. आत गेलं तर टर्बो मोठा, विषय संपला. ६४ आणि ६६मध्ये दोनच मिलिमीटरचा फरक असला तरी तोंडाचं क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी वाढतं, म्हणून त्या दोन मिलिमीटरसाठी लोक हुज्जत घालतात. नियमात व्यास नेमका कुठे मोजायचा आणि तोंडाभोवतीची खाच धरायची की नाही, हे लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल तर उतरण्याआधी ईमेलने विचारा आणि उत्तर छापून सोबत ठेवा.

वजन तपासता येतं, काटा असतो. पण चालकासह की चालकाशिवाय? पळून आल्यावर लगेच, की टाकी भरून? टायर तपासता येतात. नायट्रसची (शक्ती वाढवणाऱ्या वायूची) बाटली दिसते. इंधन तपासता येतं.

आता ट्यून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी. आजच्या डिझेल ट्रकमध्ये डॅशबोर्डवर पाच खुणांची एक बोटभर गोल खुंटी बसवतात. फिरवली की ट्रेलर ओढायचा ट्रक क्षणात शर्यतीचा होतो. ‘अमुक अश्वशक्तीपेक्षा जास्त नको’ असा नियम कुणी लिहिला, तर तो पाळला जातोय की नाही हे सुटण्याच्या रेषेवर उभं राहून कुणालाच कळणार नाही. सकाळी डायनोवर (शक्ती मोजायच्या यंत्रावर) ६०० दाखवायचे आणि दुपारी ८००वर पळवायचं, एवढं सोपं आहे ते. इंडेक्स आणि ब्रॅकेट डिझेलवाल्यांत चालतात ते मला वाटतं यामुळेच. तिथे तुमची खुंटी कुठल्या खुणेवर आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. जास्त पळालात तर ब्रेकआउट झालात. नियम घड्याळच पाळून घेतं.

म्हणून एखाद्या हेड्स-अप वर्गाच्या पुस्तकात तपासता न येणाऱ्या अटी जास्त दिसल्या, तर त्या वर्गापासून लांब राहा. तिथे प्रामाणिक माणसालाच भुर्दंड पडतो.

तपासणीच्या रांगेत

टेकच्या, म्हणजे तपासणीच्या, रांगेत जाण्याआधी मागचा हौदा रिकामा करा. हिचचा बॉल काढा, टूलबॉक्स काढा, दारातल्या बाटल्या काढा. रेडिएटरचं उकळलेलं पाणी ट्रॅकवर न सांडता डब्यात पडलं पाहिजे. डबा अर्ध्या लिटरचा चालतो.

डिझेलची खास गोष्ट म्हणजे हवा बंद करणारी झडप. टर्बोचं सील फुटलं तर इंजिन स्वतःचं तेल ओढून जाळायला लागतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. अशा वेळी हवा तोडणं हाच उपाय. तुमच्या वर्गात झडप सक्तीची नसली तरी मोठ्या टर्बोच्या ट्रकला बसवा. हा नियम न्यायाचा नाही, पण पळत्या इंजिनाजवळ उभा राहिलेला माणूस त्याला न्यायच म्हणेल.

खाचांचे टायर असतील तर बर्नआउटच्या (टायर जागेवर फिरवून तापवायच्या) पाण्यातून ट्रक नेऊ नका, वळसा घालून जा. खाचांतून आलेलं पाणी सुटण्याच्या रेषेवर पडतं आणि तुमच्यामागचा माणूस घसरतो.

दिव्यांपाशी

ट्रकचं पुढचं चाक सुटण्याच्या रेषेवरच्या पहिल्या प्रकाशकिरणात आलं की वरचा छोटा दिवा लागतो, तो प्री-स्टेज. आणखी सात इंच पुढे गेलात की दुसरा, स्टेज. दोघेही स्टेजमध्ये आले की सुरुवात होते. ब्रॅकेटमध्ये पिवळे दिवे एकेक करून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने उतरतात. प्रो ट्री या दुसऱ्या पद्धतीत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. तुमच्या वर्गात कुठला आहे ते चालकांच्या बैठकीत विचारा, अंदाजावर सोडू नका.

इथे डिझेलची एक जुनी कुरबुर आहे. मोठ्या टर्बोला फिरायला वेळ लागतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून किंवा ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्स अडकवून ठेवणारा ब्रेक) लावून बूस्ट चढवावा लागतो, आणि तोवर लहान टर्बोवाला स्टेजमध्ये येऊन ताटकळत बसतो. त्याचं गिअरबॉक्स तापतं, लक्ष उडतं. काही जण हे मुद्दाम करतात. ऑटोस्टार्ट (दिवे आपोआप सोडणारी यंत्रणा) लावलेला असेल तर एक जण स्टेज झाल्यावर दुसऱ्याला ठरलेलेच सेकंद मिळतात. ते किती, हेही बैठकीतच विचारा. शिष्टाचार असा, की दोघेही प्री-स्टेजमध्ये येईपर्यंत कुणी स्टेज करायचं नाही.

टायरबद्दल माझी फजिती सांगतो. एकदा मी ३५ इंचांचे टायर काढून ३३ इंचांचे लावले आणि हाताची सवय तीच ठेवली. मोठं चाक किरणातून बाहेर पडायला जास्त अंतर घेतं, लहान चाक कमी. पहिल्याच फेरीत लाल दिवा (हिरव्याआधी सुटल्याची खूण) लागला आणि चारशे मैल गाडी चालवून आलेला मी आठ सेकंदांत घरी जायला मोकळा झालो. टायर बदलला तर सुटण्याचा सराव पुन्हा पहिल्यापासून.

हार-जीत मोजायची कशी

टाइमस्लिपवरचा वेळ चाक किरणातून निघाल्यापासून मोजला जातो, हिरवा लागल्यापासून नाही. हिरव्यापासून निघेपर्यंतचा वेळ, रिॲक्शन, वेगळा छापतात. जिंकण्यासाठी दोन्हींची बेरीज लागते.

७.७०च्या वर्गातली जोडी घ्या. पहिला ०.११० सेकंदाने सुटला आणि ७.७१मध्ये पोचला. दुसरा ०.०३०ने सुटला आणि ७.७८ लागले. पहिल्याची बेरीज ७.८२०, दुसऱ्याची ७.८१०. हळू ट्रक जिंकला, साधारण हातभर अंतराने.

ब्रॅकेटमध्ये एकाने ८.२० लिहिलंय, दुसऱ्याने ७.४५. पहिल्याला पाऊण सेकंद आधी सोडतात. तो ०.०८५ने सुटून ८.२३ पळाला, म्हणजे आपल्या बोलण्यापेक्षा एकूण ०.११५ मागे. दुसरा ०.०४०ने सुटून ७.५० पळाला, म्हणजे ०.०९० मागे. दुसरा जिंकला, फरक ०.०२५ सेकंद. ताशी ९० मैलांना हे अंतर एक मीटर होतं.

दोघेही ब्रेकआउट झाले तर जो कमीने झाला तो जिंकतो. एकाचा लाल दिवा आणि दुसऱ्याचा ब्रेकआउट असेल तर लाल दिवेवाला हरतो. मधली किंवा बाजूची रेषा ओलांडणं त्याहून वाईट. आणि स्कोअरबोर्डवर डायल-इन चुकीचा दिसत असताना तुम्ही स्टेज झालात, तर ती चूक तुमची. काचेवरचा आकडा आणि फलकावरचा आकडा जुळतोय ना, हे दर वेळी मान वर करून बघा.

डायल-इन किती लिहायचा? दिवसभरात ८.२१, ८.२४, ८.१९ आले असतील तर ८.२४चा विचारही करू नका. संध्याकाळी हवा गार झाली की टर्बो डिझेलही थोडं जास्त पळतं. मी अशा वेळी ८.१८ लिहीन.

सँडबॅगिंग आणि तक्रार

८.२०चा ट्रक असताना ८.४० लिहायचं आणि शेवटी ब्रेक मारत नेम धरून रेषा ओलांडायची, याला सँडबॅगिंग म्हणतात. काही जण याला कसब मानतात. मला ते पटत नाही, पण नियमात बसतं तिथे ते बंदही नाही, आणि त्याची शिक्षा ब्रेकआउटच्या रूपाने खेळातच आहे. ओळखायचं असेल तर टाइमस्लिप बघा. ३३० फुटांची वेळ ८.२०च्या ट्रकची आणि शेवटचा वेग मात्र पडलेला, म्हणजे शेवटी पाय उचलला किंवा ब्रेक लावला. पुढच्या फेरीत हाच समोर आला तर घाबरून स्वतःचा आकडा बदलू नका.

हेड्स-अपमध्ये शंका खरी असेल तर तक्रार करा, पण पद्धतीने. मुदत थोडी असते, बहुतेक ठिकाणी शर्यत संपल्यावर लगेच. तक्रार लेखी द्यायची, नियमाचा क्रमांक घालायचा, आणि एकाच गोष्टीची द्यायची. ‘हा ट्रक फारच पळतोय’ ही तक्रार नाही. ‘टर्बोचं तोंड मर्यादेपेक्षा मोठं आहे, मोजावं’ ही तक्रार आहे. पैसे भरावे लागतात. आरोप खरा निघाला तर ते परत मिळतात, खोटा निघाला तर बऱ्याच ठिकाणी ज्याचं इंजिन उघडलं त्याला दिले जातात, कारण गॅस्केटपासून सगळं त्याला पुन्हा बसवायचं असतं.

आणि तुमच्यावरच तक्रार झाली, तर ट्रकजवळून हलू नका. मोजणी होईपर्यंत बॉनेटला हात लावू नका, मित्रालाही लावू देऊ नका. छापून ठेवलेला तो ईमेल ग्लोव्ह बॉक्समधून काढा आणि तपासनीसाच्या हातात द्या.